कोठीतलं गोरेपण

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला आणि त्यातला बराचसा सांगून लोकांना हसवलंही. पण एक मूर्खपणा असा आहे, की तो सांगताना पहिली दोन वाक्यं मी हसत बोलते आणि तिसऱ्याला मला पाणी प्यावं लागतं. मी माझ्या धाकट्या बहिणीला, हौसाला, दोन वर्षं धान्याच्या कोठीत बसवून ठेवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, घरात कुणाची सक्ती होती म्हणूनही नाही. ती युक्ती माझ्याच डोक्यातून निघाली होती. आम्ही दोघी गोऱ्या व्हाव्यात आणि आमचं भलं व्हावं, एवढाच माझा हेतू. हेतू चांगला होता हे मी म्हातारपणीही सगळ्यांना सांगत असते. ते ऐकून कुणालाच बरं वाटत नाही, मलाही नाही.

राजुरीला आमचं घर गावाबाहेर मळ्यात होतं. घर म्हणजे पुढं ओटा, आत सोपा, त्याच्या आत चूल आणि सगळ्यात मागं कोठी. आम्ही चौघंच. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, गळ्यात तुळशीची माळ घालणारे, कमी बोलणारे. आई त्यांच्या वाटचं बोलून टाकायची. विहिरीवरच्या इंजिनाची धकधक सकाळी सुरू व्हायची ती दुपारी भाकरीच्या वेळेला थांबायची, आणि ती थांबली की कानात एकदम पोकळी व्हायची, मग त्या पोकळीत झाडावरचे होले घुमायला लागायचे. आम्ही पोरी दिवसभर रानात. कांदे खुरपायचे, बाजरी राखायची, भुईमुगाच्या शेंगा तोडायच्या. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली बसून बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. हौसा तर खाली बसूनही खायची नाही, भाकरीवर चटणी घेऊन ती झाडावर चढायची आणि वरून मला विचारायची, "अक्का, तुला हिथनं शिवनेरी दावू का?" शिवनेरी तिथून दिसत नव्हताच. पण ती इतक्या खात्रीनं विचारायची की मी दर वेळी मान वर करायचे.

मी सोळा वर्षांची होते, हौसा तेरा. सातवी पास झाल्यामुळं मला जगातलं सगळं कळतं असा माझा समज होता, आणि दुर्दैवानं घरच्यांचाही तोच समज होता. त्या सुमारास मला बघायला पहिलं स्थळ आलं. आईनं बेसनाच्या मासवड्या केल्या, तर्रीदार रस्सा केला, दादांनी ओटा स्वतः झाडला. मी पदर सावरून, नजर खाली ठेवून बसले. पाहुण्यांत मुलाची मावशी होती. तिनं मला जवळ बसवलं, नाव विचारलं, वाचायला लावलं आणि मग सहज केल्यासारखं माझ्या पोलक्याची बाही दंडाच्या वर सरकवली. बाहीच्या वर एक रंग होता आणि बाहीच्या खाली दुसरा. दोन वेगवेगळ्या बायकांचे हात जोडल्यासारखे. मावशी चुकचुकली आणि आईला म्हणाली, "पोर मूळची उजळ हाय की. उन्हानं वाया घालवली तुमी."

पाहुणे मासवड्या संपवून "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. पण मावशीचं वाक्य माझ्यापाशी राहिलं. दुसरी एखादी रडली असती. मी हिशोबी डोक्याची. मी विचार केला, की दंडावरचा रंग जर खरा असेल, तर मनगटावरचा नुसता वरून बसलेला आहे. धुळीसारखा. ऊन लागायचं थांबलं की तो उतरणार. हे मला इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की मी त्याच संध्याकाळी चुलीपुढं जाहीर केलं, की उद्यापासून मी आणि हौसा रानात येणार नाही.

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "तव्यावर डाग पडत्यात म्हून भाकरी चुलीपसनं लांब ठिवायची व्हय गं इंदे?"

"भाकरीला स्थळ बघायचं नसतं," मी म्हणाले.

"लई शिकली माझी बाय."

मला वाटलं दादा रागावतील. दोन माणसांचं काम कमी होणार होतं. पण दादांना उलट ते आवडलं. गावात बड्या घरच्या लेकी रानात जात नसत, सावलीत बसत. आपल्याही लेकी तशा बसल्या तर त्यांच्या मनात कुठंतरी गार वाटत असावं. ते म्हणाले, "बसू दे. माझ्या पोरींनी काय जलमभर खुरपंच धरायचं का?" आमचं काम आईनं अंगावर घेतलं. तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मी तिला विचारलंही नाही. नंतर कितीतरी वर्षांनी मला सुचलं की आईचा रंग कधी कुणी विचारात घेतला नव्हता.

कोठीला खिडकी नव्हती. भिंतीला टेकून शेणानं सारवलेल्या, धान्य भरायच्या दोन कणग्या, कोपऱ्यात कांद्याची रास, वर आढ्याला टांगलेली लसणाची जुडी. बाजरीचा, कडुलिंबाच्या पाल्याचा आणि उंदरांचा मिळून एक वास. आम्ही पहाटे उजाडायच्या आत परसाकडं जाऊन यायचो आणि त्यानंतर दिवस मावळेपर्यंत आतच. तिथं बसून बियाण्याच्या शेंगा फोडायच्या, डाळ निवडायची, गोधडीला टाके घालायचे. तोंडाला साय आणि डाळीचं पीठ. घरात दूध थोडं, त्यातली साय आम्ही तोंडाला फासायचो, पोटात जायची नाही. आज हे लिहितानासुद्धा मला त्या इंदीचा कान धरावासा वाटतो.

छपरात कौलांच्या मधे एक काच बसवलेली होती. तिच्यातून दुपारी एक कवडसा खाली यायचा, हाताच्या पंजाएवढा. हौसा शेंगा फोडताफोडता हळूच पाय लांब करून त्यात आपला अंगठा ठेवायची. कवडसा सरकला की अंगठा सरकायचा. मी दोन-तीन दिवस ते बघितलं आणि मग शिडी लावून त्या काचेवर पोतं टाकलं. हौसा माझ्याकडं बघत राहिली.

"अक्का, अंगठा कुणाला दिसतोय?"

"अंगठ्यापसनंच सुरुवात व्हती," मी म्हणाले. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं.

पुढं एका डॉक्टरांनी मला सांगितलं की काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना तसा उपयोग नसतो, अंगाला थेट लागलं तरच होतो. तेव्हा ते पोतं तरी माझ्या नावावर लिहू नका. बाकीचं लिहा.

हौसानं एकदाही दार उघडून बाहेर पळायचा प्रयत्न केला नाही, आणि हेच मला कधी समजलं नाही. झाडावरून खाली न उतरणारी पोर ती. तिला लग्नाची घाई नव्हती, रंगाची फिकीर नव्हती. पण "अक्का म्हणती ना" एवढं तिला पुरायचं. शेजारची बाई तिला चिडवायला दारातून विचारायची, "काय गं हौसे, किती गोरी झालीस?" तर ती दोन्ही हात पुढं करून म्हणायची, "अक्काला इचारा. मला अंधारात दिसत न्हाई."

आणि आता ते सांगते, जे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. कोठीत बसायचा नियम माझा होता. तो पहिल्या महिन्यातच मोडणारीही मीच. मला ते जमेचना. डोकं दुखायचं, अंग आंबायचं, स्वतःच्याच श्वासाचा कंटाळा यायचा. मग दुपारी इंजिन थांबलं, आई-दादा बाभळीखाली भाकरीला बसले, की मी हौसाला सांगायचे, "धुणं तेवढं आपटून येते, तू बस, तुझा रंग आत्ताच कुठं उतराया लागलाय." आणि धुण्याचं बोचकं काखेत मारून मागच्या दारानं विहिरीवर जायचे. धुणं चार कपड्यांचं. ते आपटून झालं की विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडायच्या कुंडीच्या कडेला, बसायचे, पोलक्याच्या बाह्या वर सारून, पाय पसरून, केस सोडून. बोरं पाडून खायचे. चांगला तासभर. ऊन पाठीत उतरायचं तेव्हा कुणीतरी आतून मळलेलं पीठ थापतंय असं वाटायचं. मग केस बांधून, गरीब तोंड करून परत कोठीत. हौसा विचारायची, "लई धुणं व्हतं का गं?" मी म्हणायचे, "लई." ती पुढं काही विचारायची नाही. संध्याकाळी जेवून आम्ही एकाच गोधडीत निजायचो. ती मला इतकी चिकटून निजायची, की मी तिला कोपरानं ढकलायचे. "सरक की तिकडं, उकडतंय." ती सरकायची आणि मला झोप लागली की पुन्हा जवळ यायची.

हे असं दोन वर्षं. मी माझा रोजचा तास खाल्ला, आणि हौसा बसून राहिली.

माझी नात पुण्यात संगणकापुढं बसते. परवा आली ती कंबर धरून. डॉक्टरनं तिला आठवड्याला एक बाटली प्यायला दिलीय, बोटभर लांबीची, त्यात ऊन भरलेलं असतं असं ती म्हणते. सुट्टीला इकडं येते तेव्हा मी तिला ओट्यावर उन्हात बस म्हणते, तर ती आधी तोंडाला मलम लावते. अंगाला मलम फासून उन्हात बसायचं म्हणजे छत्री धरून अंघोळ करायची. बरं, मी तरी कुणाला काय बोलू. आता आमच्या मळ्यात उसात बिबटे आहेत. चांगलं उजाडल्याशिवाय आणि दिवस कलल्यावर आम्ही पोरांना दाराबाहेर सोडत नाही. दुपारी ऊन कडक म्हणून नाही, बाकी वेळ बिबट्या म्हणून नाही. घरोघर पोरं पुन्हा कोठीत बसलेली मला दिसतात. कुणी कोंडलेली नाहीत. हौसालाही कुणी कोंडलेलं नव्हतं.

पहिलं वर्ष सरता सरता हौसाचे पाय दुखायला लागले. मांड्या, कंबर, कुल्ल्यांचे सांधे. आईनं तेल चोळलं. वाढत्या अंगाचं दुखणं आहे असं सगळे म्हणाले. मग ती उंबरा ओलांडताना चौकट धरायला लागली. चालताना दोन्हीकडं डुलायची. मी तिची नक्कल करायचे, पोटावर हात ठेवून, पाय फाकून, आणि हौसा हसून लोळायची. लोळायची आणि मग उठायला मला हात मागायची. तिच्या हसण्यात मला एवढंही दिसलं नाही की ती खालून आपली आपण उठत नाहीये. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून आईनं तिची दृष्ट काढली, लिंबू उतरवलं, एक देवऋषीही येऊन गेला. त्यानं कोठीत येऊन चारी कोपऱ्यांत अंगारा टाकला. हौसाला कोठीच्या बाहेर काढा, एवढंच तो म्हणाला नाही.

माझं लग्न जमलं ते वारूळवाडीच्या एका शिक्षकाशी. बघायला आले तेव्हा मी सायीनं आणि पिठानं चकचकीत होऊन बसले होते. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी मी ह्यांना लाडानं विचारलं, की माझा रंग बघून हो म्हणालात का. तर म्हणाले, "मी वर बघितलंच नाही. मला लाज वाटत होती. मी तुझी पायाची बोटं बघितली, तेवढ्यात पोहे आले." म्हणजे हौसाच्या अंगठ्यावरचं ऊन मी काढून घेतलं, आणि माझं लग्न माझ्या अंगठ्यावर जमलं.

लग्न आमच्याच दारात होतं. भर दुपारचा मुहूर्त. मांडवावर पाला असला तरी फटीफटीतून ऊन खाली सांडत होतं. हौसा करवली. नवं परकर-पोलकं, डोक्यात अबोली, हातात नारळ ठेवलेला तांब्या. करवलीनं नवरीच्या मागं ओट्यावरून मांडवात उतरायचं असतं. ओट्याला तीन पायऱ्या. मी उतरले. माझ्यामागं वाजंत्र्यांच्या आवाजातही मला तांब्या पडल्याचं ऐकू आलं. नारळ घरंगळत माझ्या पायापाशी आला. वळून बघितलं तर हौसा पायऱ्यांखाली बसलेली, आणि हसत होती. लोकही हसले. वाजंत्री थांबली. "ऊठ गं पोरी," कुणीतरी म्हणालं.

मग ती उठली. कशी उठली ते मांडवातल्या सगळ्यांनी बघितलं. आधी ती पालथी वळली, हातापायांवर आली. मग एक हात गुडघ्यावर ठेवला, मग दुसरा. मग आपल्याच मांडीवर पंजे टेकत टेकत, शिडी चढावी तशी ती आपल्या अंगावरून वर चढत गेली. पंधरा वर्षांची पोर. उभी राहिली तेव्हा परकर वर अडकला होता, आणि तिचे पाय गुडघ्यापाशी आत वळलेले दिसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला भर उजेडात बघत होते. ती पांढरी झाली होती. गोरी नाही, कणगीखाली दबून उगवलेला कोंब असतो ना, तशी.  तेवढ्यात माझ्या सासरच्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, आणि त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या, "पण रंग बघा की पोरीचा. गोरीपान हाय."

त्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं घासली होती. मिळालं.

चार दिवसांनी आई आणि आमची आत्या हौसाला एसटीनं घेऊन माझ्या सासरजवळच्या नारायणगावला आल्या. मी आणि हे त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी हौसाला चालायला लावलं, पाय दाबून बघितले, डोळे ओढून बघितले. मग आम्हा बायकांकडं वळले.

"ही मुलगी कुठं कोंडली होती?"

"कोंडली न्हाई साहेब," आई म्हणाली, "घरातच व्हती."

"तेच विचारतोय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की या वयात हाडं भरत असतात, त्यांना चुना लागतो, आणि तो चुना हाडात मुरायला अंगाला ऊन लागतं. ते न मिळाल्यानं हाडं मऊ पडली आहेत आणि अंगाच्या भारानं वाकली आहेत. दूध द्या, उन्हात बसवा, चालवा. आणि माशाचं तेल लिहून दिलं. दादा माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. मी म्हणाले, "दादांना चालायचं न्हाई." आई म्हणाली, "माळ त्यांच्या गळ्यात हाय. पोरीच्या न्हाई." तेव्हाही तिनं मला दोष दिला नाही. शेवटपर्यंत दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

हौसाला घरी न्यायच्या ऐवजी आत्या म्हणाली, "हिला मी नेते." आत्या दादांची थोरली बहीण, विधवा, आंबेगाव तालुक्याच्या पार वरच्या अंगाला, आता डिंभ्याच्या धरणाचं पाणी पसरलंय त्याच्याही पलीकडं डोंगरात राहायची. घोडेगावपर्यंत एसटी, पुढं पायवाट. आई घुटमळली. आत्या म्हणाली, "झाड सावलीत लावलं तर ते बी वाकडं वाढतंय वहिनी. ही तर पोर हाय. रानात टाकते हिला वर्सभर, बघू."

टाकते म्हणाली ते अक्षरशः खरं. सुरुवातीला आत्या तिला पाठुंगळी घेऊन राईपर्यंत न्यायची. राई म्हणजे देवाचं रान, जिथलं लाकूड कुणी तोडत नाही. तिच्या कडेला एक मोठा कातळ आहे, सकाळी सगळ्यात आधी ऊन तिथं पडतं. त्या कातळावर हौसाला बसवायची, पोलकं काढून, नुसता पंचा गुंडाळून. तिथं कोण बघणार, शेकरं आणि माकडं. आत्या सरपण गोळा करायची, भाजी खुडायची, आणि हौसा उन्हात. ऊन चढलं की झाडाखाली. नाचणीची भाकरी, रानभाज्या, म्हशीचं ताक, आणि नाक दाबून माशाचं तेल. चार महिन्यांनी ती कशालाही न धरता खालून उठायला लागली, सहा महिन्यांनी आपल्या पायांनी राईपर्यंत जायला. हे मला निरोपातून कळायचं. मी जायला वर्ष लावलं. सासर नवं होतं हे एक कारण, आणि दुसरं तुम्हाला माहीतच आहे.

गेले तेव्हा हिरड्याचा हंगाम होता. पावसाच्या आधी झाडांवरचा कोवळा हिरडा उतरवतात आणि कातळावर वाळत घालतात. मी पायवाटेनं वर चढतेय, घामानं भिजलीय, आणि वरून आवाज आला, "अक्का, तुला हिथनं शिवनेरी दावू का?" मान वर केली. हौसा कातळावर उभी होती. आपल्या पायांवर. थोडी डुलत होती, ते डुलणं पुढं जन्मभर राहिलं, पण उभी होती, आणि काळीभोर झाली होती. मी तिथंच बसले आणि रडले. ती म्हणाली, "चढ दमवतोय व्हय मास्तरीणबाईंना?" मग आम्ही हिरडा खालीवर करत बसलो. हिरवा, दोन दिवसांचा तांबूस, आठ दिवसांचा काळाकुट्ट. तिनं एक काळा हिरडा माझ्या तळहातावर ठेवला. "हितं उलटं हाय अक्का. जेवढा काळा, तेवढा माल चांगला म्हणत्यात." मी हसले. तिनं ते कुठल्या अर्थानं म्हटलं ते विचारायची छाती झाली नाही. विहिरीचं सांगायचं म्हणून मी घरून निघाले होते. न सांगता परत आले.

मागच्या वर्षी मुलानं आम्हाला एका ठिकाणी नेलं, घाटाच्या तोंडाशी. तिथं एक तरुण मुलगा शहरातल्या माणसांना रांगेनं रानात फिरवत होता. सावकाश चाला, खोल श्वास घ्या, झाडाला हात लावा, त्यानं मन शांत होतं, रक्तदाब उतरतो. मी चेष्टा करायच्या तयारीनंच गेले होते. पण त्यानं मला एका हिरड्याच्या झाडाला हात लावायला सांगितला आणि मला चेष्टा सुचेना. झाडाचा, रानाचा गुण मला कुणी शिकवायला नको. मी तो एका पोरीच्या पायांत चढताना बघितला आहे. आणि तो कुठपर्यंत चढला, कुठं थांबला, तेही.

हौसाचं लग्न तिकडंच झालं, आत्याच्या शेजारच्या वाडीत. नवरा भला माणूस. तिच्या चालीकडं बघून तो म्हणाला होता, की डोंगरात सगळेच डुलत चालतात. वर्षभरात तिला दिवस गेले. रानात काम करून ती तुकतुकीत झाली होती, कुणाला शंका आली नाही. कळा सुरू झाल्या त्या दोन दिवस थांबल्या नाहीत. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं नाही. मग बांबूला घोंगडी बांधून चौघांनी झोळी केली आणि तिला डोंगर उतरवून रस्त्याला आणलं, तिथून घोडेगाव. बाळ आतच गेलं होतं. मुलगी होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कमरेचं हाड लहानपणीच कधीतरी दबून आत आलंय, बाळाला यायला वाट नाही. हिच्या जिवावर पुन्हा बेतायला नको. पाय सावरले होते. कमरेचं कुणी बघितलं नव्हतं, ते दिसत नव्हतं.

निरोप मिळाला तेव्हा माझा थोरला दोन वर्षांचा होता आणि दुसरा पोटात. सहावा महिना होता, तरी मी तशीच डोंगर चढून गेले. सासूबाई नको म्हणत होत्या. हौसा आत्याकडं आली होती, त्याच कातळावर बसलेली, थंडीचे दिवस, सकाळचं ऊन. छातीला फडकं आवळून बांधलं होतं, दूध मागं फिरावं म्हणून. मी शेजारी बसले. तिनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि नजर राईकडं वळवली. आत्यानं आम्हाला ताक आणून दिलं आणि ती निघून गेली.  राईत काहीतरी फांदीवरून फांदीवर उडी मारत होतं, पानं हलत होती, मग थांबत होती.

मी म्हणाले, "हौसा, मला तुला एक सांगायचंय."

तिनं ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"कोठीत ती दोन वर्षं तू एकटीच बसलीस. मी बसले न्हाई. धुण्याच्या नावानं मी रोज दुपारी विहिरीवर जायचे आन् उन्हात बसायचे. तासतासभर. केस सोडून. तुला सांगितलं असतं तर तूबी आली असतीस. मी सांगितलं न्हाई."

तिनं हात पुढं करून माझ्या खांद्यावरची वेणी उचलली. मला वाटलं ओढते आता. ओढावी असंच वाटत होतं. पण तिनं ती नुसती हातात धरली, उन्हात फिरवून बघितली आणि परत माझ्या पाठीवर टाकली. मग म्हणाली,

"ठावं हाय मला, अक्का. तू परत आलीस की तुझ्या केसांना उन्हाचा वास यायचा. म्हून तर मी रोज तुझ्या केसात नाक खुपसून निजायची."